कॅन्सरच्या पेशी मेल्या. आणि बाकीच्या?

मागच्या महिन्यात मावशीचा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला. एका पानाचा फोटो आणि त्याखाली लाल अक्षरांत: 'या पानांच्या अर्काने ४८ तासांत कॅन्सरच्या पेशी नष्ट! शास्त्रज्ञही थक्क!' शेवटी मावशीने स्वतः टाइप केलेली ओळ: "तू हेच करतेस ना गं? खरं आहे का हे?"

मी लिहिलं, "खरं असेल."

"मग औषध का काढत नाहीत?"

"मावशी, त्या पेशींवर मी गरम चहा ओतला ना, तर त्या ४८ तास थांबणारही नाहीत. पाच मिनिटांत मरतील. मग चहा कॅन्सरचं औषध झाला का?"

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "म्हणजे खोटं आहे."

"खोटं नाही गं. अर्धं आहे."

हा लेख उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना झोडपणं सोपं आहे आणि ते काम करणारे पुष्कळ आहेत. माझं भांडण माझ्याच जातभाईंशी आहे: प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून बसणाऱ्या, पेपर छापणाऱ्या, अनुदान देणाऱ्या लोकांशी. मावशीच्या फॉरवर्डमध्ये जी चूक आहे, तीच चूक आम्ही जास्त सभ्य भाषेत, आलेख काढून करतो. आणि ती का करतो, तर निरोगी पेशी वाढवायचा आम्हाला कंटाळा येतो.

ट्रक ड्रायव्हरचा प्रश्न

मी मुळात पशुवैद्य. मुंबईत शिकले आणि मग अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागात पीएचडी केली. विषय होता कुत्र्यांना होणारा हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा.

हा रोग मोठ्या कुत्र्यांचा. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड, आयरिश वुल्फहाउंड, ग्रेहाउंड. बहुतेक वेळा पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास गाठ येते. कुत्रा लंगडायला लागतो, घरच्यांना वाटतं मुरगळला असेल, आणि एक्स-रे काढला की हाड वाळवी लागल्यासारखं दिसतं. अमेरिकेत दरवर्षी १०,००० हून जास्त कुत्र्यांना हा रोग होतो असा अंदाज आहे. निदान होईपर्यंत सुमारे ९० टक्के कुत्र्यांमध्ये तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात पसरलेला असतो, मुख्यतः फुप्फुसात. नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे चार-पाच महिन्यांत जातात. पाय काढून केमोथेरपी दिली तर साधारण दहा-बारा महिने मिळतात.

आमच्या गटाने एक संयुग तपासलं होतं. कुत्र्यांच्या ऑस्टिओसार्कोमाच्या तीन सेल लाइन्सवर टाकलं आणि ७२ तासांत डिश ओस पडली. विद्यापीठाने त्याची बातमी केली, माझ्या प्रोफेसरांचा हसरा फोटोही त्यात होता.

त्या आठवड्यात ब्रूनो आला. सात वर्षांचा रॉटवायलर, पुढचा डावा पाय. मालक निवृत्त ट्रक ड्रायव्हर. त्याने ती बातमी छापून, घडी घालून खिशात आणली होती. "डॉक्टर, हे ब्रूनोला देता येईल का?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. अजून मान्यता नाही, प्राथमिक अवस्थेत आहे, वगैरे. त्याने मान हलवली. मग अगदी सहज, गाडीच्या इंजिनाबद्दल विचारावं तसं विचारलं, "पण ते त्याच्या चांगल्या हाडाला काय करतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच जणांच्या गटात, तीन वर्षांत, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही.

कशाशी तुलना?

आमच्याकडे निरोगी पेशी का नव्हत्या, हे समजायला सेल लाइन म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल.

रुग्णाच्या गाठीतला तुकडा काढून त्यातल्या पेशी डिशमध्ये वाढवल्या आणि त्या न थांबता वाढतच राहिल्या, तर ती झाली सेल लाइन. माणसाच्या ऑस्टिओसार्कोमाच्या ज्या लाइन्स आज जगभर वापरतात, त्यांपैकी यू-२ ओएस ही १९६४ सालची, पंधरा वर्षांच्या मुलीची. साओस-२ ही १९७३ सालची, अकरा वर्षांच्या मुलीची. कुत्र्यांसाठी डी-१७ नावाची जुनी लाइन आहे, ती ऑस्टिओसार्कोमा फुप्फुसात पसरल्यावर तिथल्या गाठीतून काढलेली. पैसे भरा, गोठवलेली कुपी कुरिअरने येते, आठवड्याभरात फ्लास्क भरतो. आज्ञाधारक पेशी असतात त्या. काहीही करा, वाढतात.

निरोगी पेशी अशा मिळत नाहीत, कारण थांबणं हेच निरोगी पेशीचं लक्षण आहे. हे कळायलाही विज्ञानाला बराच काळ लागला. अलेक्सी कॅरेल या नोबेल विजेत्याने १९१२ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातल्या पेशी वाढवायला घेतल्या आणि त्या १९४६ पर्यंत जिवंत ठेवल्याचा दावा झाला. त्यावरून सगळ्यांनी मानलं की डिशमधली कुठलीही पेशी अमर असते. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाची निरोगी पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागते आणि थांबते. कॅरेलचा प्रयोग पुढे कुणालाच पुन्हा करून दाखवता आला नाही.

म्हणजे कॅन्सरची पेशी विकत मिळते आणि टिकते. निरोगी पेशी दर वेळी नव्याने, कुणाच्या तरी खऱ्या हाडातून काढावी लागते, आणि ती संपते.

मग लोक काय करतात? शॉर्टकट घेतात. कंट्रोल म्हणून उंदराच्या कवटीच्या पेशी घेतात, कातडीतले फायब्रोब्लास्ट घेतात. माझ्या डोळ्यांसमोर एका परिषदेत एकाने कुत्र्याच्या हाडाच्या कॅन्सरची तुलना एमडीसीकेशी केली. एमडीसीके म्हणजे १९५८ साली एका कॉकर स्पॅनियलच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशी, ज्या तेव्हापासून आजवर वाढतच आहेत. म्हणजे एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला मूत्रपिंड. आणि ते मूत्रपिंडही असं की जे थांबायचं विसरलं आहे. तक्त्यात मात्र त्या रकान्यावर लिहिलं होतं: 'निरोगी कुत्रा'. कुणी हात वर केला नाही.

आणि बरेच जण कंट्रोल घेतच नाहीत. तीन कॅन्सर लाइन्सची एकमेकींशी तुलना करतात आणि जे सापडेल त्याला 'कॅन्सरचं वैशिष्ट्य' म्हणतात. यात काय बिघडतं त्याचं साधं उदाहरण देते. हाड बांधणाऱ्या पेशीला ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. तिच्यात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, कारण हाडात कॅल्शियम भरण्याच्या तिच्या कामाला ते लागतं. आता तुम्ही फक्त गाठीतल्या पेशी बघितल्यात, तर तुम्हालाही ते भरपूर दिसेल आणि तुम्ही टाळ्या वाजवाल. सुताराच्या घरात रंधा सापडला म्हणून त्याला चोर ठरवल्यासारखं आहे हे. रंधा तर शेजारच्या सरळमार्गी सुताराकडेही असतो. पण तुम्ही शेजारी गेलाच नाहीत.

दहा वर्षांची चूक

'एवढं काय मोठंसं, बारीक तपशील आहे' असं वाटत असेल, तर पी-५३ची गोष्ट ऐका.

पी-५३ हे प्रथिन १९७९ साली सापडलं. कॅन्सरच्या पेशींत ते खच्चून भरलेलं दिसायचं. पुढे त्याच्या जनुकाच्या प्रती काढून त्या पेशींत घातल्या, तर त्या पेशी कॅन्सरच्या दिशेने जायला मदत होते असं दिसलं. निष्कर्ष उघड होता: पी-५३ गुन्हेगारांच्या टोळीतलं आहे. १९८०च्या दशकात बराच काळ ते कॅन्सर घडवणारं जनुक म्हणून ओळखलं गेलं.

गोम अशी होती की त्या प्रती गाठींतून किंवा बिघडलेल्या पेशींतून काढलेल्या होत्या. त्या मुळातच बिघडलेल्या होत्या. निरोगी पी-५३ कसं वागतं हे १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि आर्नोल्ड लेव्हिन यांच्या गटांनी दाखवलं, तेव्हा चित्र उलटंपालटं झालं. निरोगी पी-५३ कॅन्सर रोखतं. टोळीतला म्हणून ज्याला पकडलं तो पहारेकरी होता, आणि कॅन्सरने त्याला जायबंदी केलं होतं. आज आपल्याला माहीत आहे की माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं असतं. कुत्र्यांच्या ऑस्टिओसार्कोमामध्येही ते वारंवार बिघडलेलं सापडतं.

कॅन्सरविज्ञानातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं हे जनुक, जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा, आणि दहा वर्षं उलटी समजूत. ती माणसं हुशार होती. त्यांच्यासमोर निरोगी नमुना नव्हता, एवढंच.

हाडातून पेशी काढताना

ब्रूनोचा पाय खांद्यापासून काढायचं ठरलं. गाठ खाली मनगटाजवळ होती, वरचं खांद्याचं हाड निरोगी होतं. मी मालकाला विचारलं, "तो तुकडा मला द्याल का?" त्याने कारण विचारलं. मी म्हणाले, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला." त्याने कागदावर सही केली.

नीट लक्षात घ्या, या कामासाठी एकही कुत्रा मारावा लागत नाही. कॅन्सरमुळे काढलेला पाय, खुब्याचा सांधा बदलताना निघालेलं मांडीच्या हाडाचं डोकं, अपघातानंतर तोडावा लागलेला पाय: ही हाडं नाहीतरी जळायलाच जाणार असतात.

पद्धत ऐकायला स्वयंपाकासारखी सोपी आहे. हाडावरचं मांस आणि बाहेरचं पातळ आवरण खरवडून काढायचं. पक्कडीने हाडाचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे करायचे. मज्जा निघून जाईपर्यंत, पाणी स्वच्छ येईपर्यंत ते धुवायचे. कोलॅजिनेज नावाच्या एन्झाइममध्ये थोडा वेळ ठेवायचे, म्हणजे चिकटलेल्या नको त्या पेशी सुटतात. मग फ्लास्कमध्ये पसरून वर गुलाबी पोषकद्रव घालायचं, ३७ अंशांवर ठेवायचं आणि थांबायचं.

इथे 'थांबायचं' हा शब्द महत्त्वाचा आहे. कॅन्सरची लाइन दोन दिवसांत दुप्पट होते. इथे पहिला आठवडा काहीच दिसत नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी एखाद्या कणीच्या कडेने दोन-चार पेशी बाहेर रांगत आलेल्या दिसतात. फ्लास्क भरायला महिना-दीड महिना लागतो. तेवढ्यात बुरशी आली की संपलं. ब्रूनोचा पहिला फ्लास्क एकविसाव्या दिवशी गढूळ झाला. मी तो ब्लीच ओतून फेकला आणि जिन्यात बसून रडले. दुसरा वाचला.

वाढल्या म्हणजे झालं असंही नाही. या हाडाच्याच पेशी कशावरून? जोडऊतीतले फायब्रोब्लास्ट चोरपावलांनी येतात, ऑस्टिओब्लास्टपेक्षा भराभर वाढतात आणि दिसायलाही जवळजवळ तसेच असतात. त्यामुळे पुरावा द्यावा लागतो. अल्कलाइन फॉस्फटेज आहे का? ऑस्टिओकॅल्सिन बनतं का? आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे, त्या हाड बांधतात का? त्यांना क जीवनसत्त्व आणि फॉस्फेटचा पुरवठा करायचा आणि तीन आठवडे वाट पाहायची. मग ॲलिझरिन रेड हा रंग ओतायचा. कॅल्शियम साठलं असेल तिथे लालभडक ठिपके उमटतात. ब्रूनोच्या डिशमध्ये ते उमटले तेव्हा तो फोटो मी मालकाला पाठवला. त्याचं एका ओळीत उत्तर आलं: "ब्रूनो अजून हाड बनवतोय तर."

तिथून पुढे घड्याळ सुरू होतं. चार-पाच वेळा फ्लास्क बदलला की पेशी पसरट, मंद होतात, हाड बांधायचं विसरायला लागतात. प्रयोग त्याआधी उरकायचे आणि उरलेल्या पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या. चार कुत्र्यांच्या पेशी हाताशी यायला मला चौदा महिने लागले.

मग त्यांच्यावर ते प्रसिद्ध संयुग टाकलं. जवळपास त्याच मात्रेला त्याही मेल्या.

'पुरवणी तक्त्यात टाकू'

माझे प्रोफेसर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आकडे दोनदा पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे पुरवणी तक्त्यात टाकू."

पुरवणी तक्ता म्हणजे पेपरला जोडलेली ती फाइल, जी कुणी उघडत नाही. कॅन्सरच्या पेशी मेल्या हे पहिल्या पानावर रंगीत चित्रात. निरोगी पेशीही मेल्या हे पुरवणीत, तक्ता क्रमांक सात.

आम्ही भांडलो. शेवटी तो आलेख मुख्य पेपरमध्ये गेला. पेपर दहा महिने उशिरा, बऱ्याच लहान जर्नलमध्ये आला. विद्यापीठाने त्याची बातमी केली नाही.

त्यांच्यावर माझा राग नाही, कारण ते ज्या व्यवस्थेत पगार मिळवतात ती व्यवस्थाच अशी आहे. अनुदानाच्या अर्जात 'निरोगी पेशी वाढवायच्या आहेत' असं लिहा. परीक्षक विचारतो, "यात नवीन काय?" नवीन काहीच नाही. हाड खरवडायचं आणि थांबायचं, हे तंत्र अर्धशतकापेक्षा जुनं आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याला चार-पाच वर्षांत पदवी हवी असते, त्यातलं वर्ष-सव्वा वर्ष कंट्रोलवर घालवणं म्हणजे नोकरीच्या शर्यतीत मागे पडणं. शेजारच्या टेबलवरच्या मुलाचे तोवर तीन पेपर होतात. आणि इतकं करून कंट्रोलने काय दिलं, तर तुमचाच शोध मोडीत काढला. कोण करेल हे?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. निरोगी पेशी वाढवणं, त्या कसून तपासणं आणि दुसऱ्यांना देता येतील अशा गोठवून ठेवणं, याला स्वतंत्र संशोधन माना. त्यावर पदवी द्या, पगार द्या, पेपर छापा. आणि जो पेपर कॅन्सरच्या पेशींबद्दल दावा करतो, पण त्याच प्राण्याच्या, त्याच ऊतीच्या निरोगी पेशींशी तुलना करत नाही, त्याला परत पाठवा. ती तुलना खरोखरच शक्य नसेल, तर तसं शीर्षकाखाली ठळक लिहायला लावा.

आक्षेप

यावर मला चार उत्तरं मिळतात.

पहिलं: "प्लास्टिकच्या डिशमध्ये, वासराच्या सिरमवर वाढलेली पेशी निरोगी कसली? ती शरीरातल्यासारखी वागतच नाही." अगदी बरोबर. पण कॅन्सरची पेशीही त्याच प्लास्टिकवर, त्याच सिरमवर वाढते, आणि तिच्यावर तुमचा पूर्ण विश्वास असतो. दोघींना एकाच कृत्रिम जगात ठेवलं तरच त्यांच्यातला फरक हा कॅन्सरचा फरक आहे, प्लास्टिकचा नाही, असं म्हणायला थोडी तरी जागा राहते.

दुसरं: "केमोथेरपीची औषधंही निरोगी पेशी मारतात. तरी वापरतो ना?" वापरतो. आणि म्हणूनच किती मात्रेला कोण मरतं हे आधी कळायला हवं. दोन मात्रांमधल्या त्या फटीतच औषध बसतं. फट नसेल तर ते नुसतं विष. हेही कबूल करते की शरीरात औषध सोसेल की नाही हे केवळ ऑस्टिओब्लास्ट सांगू शकत नाही, त्यासाठी मज्जा आणि आतडंही बघावं लागतं. पण गाठ ज्या पेशींच्या कुळातली आहे, त्या कुळाची साधी विचारपूसही न करणं याला काय म्हणायचं?

तिसरं: "लोक मरत आहेत, तुम्ही कंट्रोल करत बसा." हे सगळ्यात जोरात बोललं जातं. माणसांमध्ये हा रोग मुख्यतः वाढत्या वयातल्या मुलामुलींना होतो. केमोथेरपी आल्यावर १९८०च्या दशकापर्यंत जगणाऱ्यांचं प्रमाण चांगलं वाढलं, आणि त्यानंतर ते फारसं हललेलं नाही. चाळीस वर्षं घाईत आहोत आपण. घाईने कुठे पोचलो?

चौथं: "कुत्र्यांचं कशाला? उंदीर आहेत की." प्रयोगशाळेतल्या उंदराला हा रोग बहुधा आपण देतो. कुत्र्याला तो आपोआप होतो, शाबूत प्रतिकारशक्ती असताना, आपल्याच घरात, आपल्याच हवेत. अमेरिकेत वर्षाला जेमतेम हजारभर माणसांना ऑस्टिओसार्कोमा होतो, त्यामुळे माणसांमध्ये चाचण्या जमवणं कठीण. कुत्र्यांमध्ये रुग्ण दसपट. बॉक्सर जातीच्या ताशा नावाच्या कुत्रीचा जीनोम २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून जनुकांची तुलनाही सोपी झाली. मिफामुर्टाइड हे औषध १९८०च्या दशकात ऑस्टिओसार्कोमा झालेल्या कुत्र्यांमध्ये तपासलं गेलं आणि २००९ मध्ये युरोपात माणसांसाठी मंजूर झालं. कुत्र्याने आपल्याला दिलेलं हे ऋण आहे. त्याच्या निरोगी हाडाकडे बघण्याइतकी तरी परतफेड करायला नको?

आणि आपल्याकडे?

'अमेरिकेतल्या कुत्र्यांचं आम्हाला काय' असं म्हणू नका. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आता रॉटवायलर, ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचे रोगही आले आहेत.

आणि पेशी वाढवण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि शिकलेल्या कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या होत्या. हे तेच गाय, ज्यांच्याकडे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून हेला पेशी वाढल्या. रणदिवेंनी परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. आज पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, देशभरातल्या प्रयोगशाळांना तिथून सेल लाइन्स जातात. मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. माणसं आहेत, फ्रीझर आहेत, ऑपरेशन थिएटरही आहेत. जनावरांच्या दवाखान्यात काढलेलं निरोगी हाड मात्र पिवळ्या पिशवीत जातं आणि जळतं. मालकाची एक सही, बर्फाचा एक डबा आणि महिनाभर थांबायची तयारी असलेला एक माणूस, एवढ्यावर ते वाचू शकतं. त्या माणसाला पगार कोण देणार, खरा प्रश्न तेवढाच आहे.

ब्रूनो ऑपरेशननंतर नऊ महिने जगला. तीन पायांवर धावायचा. त्याच्या मालकाला मी शेवटी फोन करून सांगितलं, "ते औषध चांगल्या हाडालाही मारतं." तो म्हणाला, "मग बरं झालं दिलं नाही." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "हे आधी का नाही बघितलं?" मी त्याला हा सगळा लेख सांगू शकले असते. 'सॉरी' म्हणाले.

तुम्ही संशोधक असालच असं नाही. पण तुमच्या फोनवर दर आठवड्याला कुठला तरी अर्क, काढा किंवा रेणू कॅन्सरच्या पेशी मारत असतो. कधी फॉरवर्डमध्ये, कधी नामांकित वर्तमानपत्रात, कधी विद्यापीठाच्या पत्रकात. पुढच्या वेळी शेअर करण्याआधी मूळ बातमीत एक गोष्ट शोधा: निरोगी पेशींचं काय झालं? कुठल्या प्राण्याच्या, कुठल्या अवयवाच्या होत्या त्या? उत्तर सापडलं नाही, तर बातमी अर्धी आहे.

मावशीने हे मनावर घेतलंय. परवा फॅमिली ग्रुपवर काकांनी नवा व्हिडिओ टाकला, कुठल्याशा बियांचा. मावशीने खाली लिहिलं, "कॅन्सरच्या मेल्या ते कळलं. बाकीच्या पेशींचं काय?"

काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. माझ्या प्रोफेसरांनी निदान 'पुरवणी तक्त्यात टाकू' एवढं तरी म्हटलं होतं.